किरण व्हिडिओच्या चाकामागचा माणूस

मी एका बाईच्या वारलेल्या नवऱ्याला पुसून टाकलं. चुकून. भर दुपारी, नागपुरात, स्वतःच्या हाताने... आणि वरून चिकटपट्टी लावून.

हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा आठवणींमध्ये लोक भुताचं आधी सांगतात आणि स्वतःच्या गाढवपणाचं शेवटी, किंवा सांगतच नाहीत. माझा गाढवपणा पक्का आहे, त्याला साक्षीदार आहेत. बाकीच्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

माझा स्वतःचा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. असणार कसा? मी बोर्ड रंगवणारा माणूस. त्या काळात दोन मांत्रिकांच्या पाट्या मीच रंगवल्या होत्या. ‘गॅरंटीने’ हा शब्द मी पिवळ्यावर लाल काढायचो, कारण तो लांबून उठून दिसतो. ज्याने गॅरंटी स्वतः रंगवली त्याला तिची किंमत ठाऊक असते.

गोष्ट सत्याऐंशी सालची. सीताबर्डीला एका जिन्याखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणजे जिना जिथे संपतो तिथे मी सुरू व्हायचो, उभा राहिलो तर डोकं आपटायचं. पाट्या, नंबरप्लेटा, आणि थिएटरात पिक्चरच्या आधी दाखवायच्या काचेच्या स्लाइडा. राहायला इंदोऱ्यात. तिथल्या गल्लीत खोली घेऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. हे दोन महिने लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

त्याच गल्लीच्या तोंडाशी मोरेश्वर बोंद्रेची व्हिडिओ लायब्ररी होती, नाव ‘किरण व्हिडिओ’. मोरू लग्नांचं शूटिंगही करायचा. आणि त्या वर्षी त्याने नवीन उद्योग काढला होता. दुकानात दोन व्हीसीआर, तिथून छतांवरून काळी तार, आणि आसपासच्या शंभरेक घरांत रोज संध्याकाळी सात वाजता पिक्चर. तेव्हा केबल टीव्ही हा शब्दसुद्धा लोकांच्या तोंडी नव्हता. लोक म्हणायचे, “मोरूची तार घेतली काय गा?”

एक दिवस मोरू माझ्या जिन्याखाली वाकून आला.

“पेंटर, मले एक निशाणी पाहिजे. टीव्हीवर दाखवाची.”

“काहून? लोकाइले माहीत आहे ना तार तुझी आहे.”

“तेच तं नाही! पलीकडच्या गल्लीतल्या त्या दुसऱ्यानंही तार टाकली. त्याचं चित्र हललं तं लोक माह्या दुकानात येऊन मलेच शिव्या देऊन राहिले. आन् दुसरं म्हणजे, मी कॅसेट बदलतो ना, तेवढ्या वेळात पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोकाइले वाटते तार तुटली. चाळीस जण पळत येतात बे!”

आता या प्रकाराला आयडेंट की काय म्हणतात. तेव्हा आमच्याकडे शब्द नव्हता, पण काम काय ते मोरूने दोन वाक्यांत सांगितलं होतं. एक, हा मी आहे, दुसरा नाही. दोन, मी इथेच आहे, पळत येऊ नका.

मी मात्र या विषयात एकदम खोल शिरलो. आठ दिवस सरकारी टीव्हीवरची निशाणी बघत बसलो. ती दोन वळणं गोल गोल फिरत एकमेकांत येऊन बसतात आणि मागे असा सूर, की घरातलं कोणी दवाखान्यात आहे. पण बघा, आई चुलीपुढे टीव्हीकडे पाठ करून बसलेली असली तरी तिला कळायचं, बातम्या लागल्या. मी मोरूला लेक्चरच दिलं. निशाणीत एकच आकार पाहिजे, एकच हालचाल, एकच आवाज. आठ सेकंदांच्या वर गेली की ती जाहिरात होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठी पाहिजे! पडदा भरून! पाटी लहान काढणारा पेंटर आणि हळू बोलणारा फेरीवाला, दोघेही उपाशी मरतात.

“थोडं लहान काढलं तं?” मोरू म्हणाला. “आजूबाजूले जागा राहू दे. उद्या खाली दुकानाचा पत्ता टाकता येईन.”

“पत्ता टाकायचा तर पोस्टात जा,” मी म्हणालो. डिझाइनच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नसे.

तर ठरलं असं. प्लायवूडची गोल थाळी, तिच्यावर सूर्य, बाहेर जाणारे नारिंगी किरण, मध्यभागी ‘किरण’. ती थाळी रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर चिकटवायची, खाली काळं कापड, आणि वरून कॅमेरा. सूर्य फिरत फिरत येतो, थांबतो, नाव वाचता येतं, आणि स्टीलच्या ताटावर चमचा वाजतो — टण्ण! संपलं.

आता गजभिये वहिनींकडे येतो.

त्या माझ्या खोलीच्या समोर राहायच्या. पन्नाशीच्या, उंच, शाळेत आया होत्या. मालक वर्षभरापूर्वी गेलेले. इतवारीच्या धान्यबाजारात मापारी होते, पोती मोजायचे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी गल्लीत आलो तोवर ते भिंतीवरच्या फोटोत गेले होते, तोही टोपी घातलेला, रागीट, कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला. वहिनीच म्हणायच्या, “हा फोटो कोणाचा आहे देव जाणे, हे असे दिसतच नव्हते.”

दिसत कसे होते, ते फक्त एका ठिकाणी होतं. मुलीच्या, म्हणजे सुनंदाच्या लग्नाची कॅसेट. मोरूनेच काढलेली. लग्नानंतर दीड महिन्यात गजभिये वारले, त्यामुळे चालते-बोलते असे ते जगात तेवढेच उरले होते. वहिनींकडे व्हीसीआर नव्हता. त्यांनी ती कॅसेट एकदाच पाहिली होती, भाड्याने मशीन आणून, ते जिवंत असताना, त्यांच्याच शेजारी बसून.

तीन आठवड्यांनी पहिला स्मृतिदिन होता. सुनंदा चंद्रपूरहून येणार, भंडाऱ्याहून दीर येणार. बुद्धवंदना झाली की सगळ्यांना ती कॅसेट दाखवायची आणि एक कॉपी सुनंदाला द्यायची, असं वहिनींनी ठरवलं होतं.

“भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “तुमचं मोरूकडं जाणं-येणं आहे. येवढी कॉपी करून आणसान काय? जपून न्या बाप्पा. एकच आहे.”

“वहिनी, माझ्यावर सोडा,” मी म्हणालो. एवढ्या वर्षांत मला हे वाक्य आठवलं की अजूनही पाणी प्यावं लागतं.

कॅसेट दुकानात नेली. तिच्यावर बॉलपेनने वेडंवाकडं काहीतरी लिहिलेला कागद होता. मला ते बघवेना. मी पेंटर, माणसाच्या एकुलत्या एका आठवणीवर असलं अक्षर? तो कागद खरवडून काढला आणि पांढऱ्या कागदावर सुरेख लेबल रंगवलं — ‘मंगल परिणय, सुनंदा’, दोन्ही बाजूंना कमळ. ते वाळेपर्यंत चहाला गेलो. टेबलावर दोन काळ्या कॅसेट होत्या, एक वहिनींची, एक मोरूने निशाणीच्या शूटिंगसाठी दिलेली कोरी. परत येऊन मी लेबल चिकटवलं. अगदी सरळ, एकही बुडबुडा नाही. कोऱ्या कॅसेटवर.

दुपारी दोन्ही घेऊन मोरूकडे गेलो. लेबलवाली त्याला दिली, “हिची कॉपी.” त्याने ती फळीवर ठेवली, “उद्या करतो,” आणि तो तार ओढायला छतावर गेला. कॅमेरा माझ्या हवाली. मी रेकॉर्ड प्लेअर फरशीवर ठेवला, दोन टेबलांच्या फटीतून कॅमेरा खाली तोंड करून बांधला आणि ‘कोरी’ कॅसेट घातली.

मशीन रेकॉर्ड करेना.

ज्यांनी व्हिडिओ कॅसेट हाताळली आहे त्यांना माहीत असेल. कॅसेटच्या पाठीवर एक बारीक प्लास्टिकचा तुकडा असतो. तो मोडला की मशीन त्या कॅसेटवर काही भरू देत नाही. कोणी चुकून पुसू नये म्हणूनच ती सोय. म्हणजे मशीन मला स्पष्ट सांगत होतं, पेंटर, हात लावू नको. आणि मी काय विचार केला? मोरूने जुनी कॅसेट गळ्यात मारली! मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली, अंगठ्याने घासून पक्की केली आणि बटण दाबलं.

आठ सेकंदांच्या चित्राला पाऊण तास लागला. कारण तबकडी मी बोटाने थांबवायचो आणि ‘किरण’ दरवेळी उलटं थांबायचं, नाहीतर आडवं. मध्ये कधी माझा अंगठा दिसायचा. पाऊण तासाने एकदाचं नाव सरळ थांबलं. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरूने लेबलवाली कॅसेट लावली. मुंग्या. पुढे सरकवली, मुंग्याच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, निशाणीची कॅसेट लावली आणि पुढे पळवली. सूर्य, सूर्य, उलटा सूर्य, अंगठा, सूर्य... आणि एकदम मांडव! पंगत बसलेली, पत्रावळी, लाऊडस्पीकर.

“बाप रे बाप,” मोरू हळूच म्हणाला.

आम्ही उरलेलं सगळं पाहिलं. सुनंदा होती, पाहुणे होते, भंतेजी होते. गजभिये नव्हते. मोरूला सगळं आठवत होतं. “ते सुरुवातीलेच होते ना गा, मांडवाच्या दारात उभे, लोकाइले या-या करत. मंग आत वाढाले गेले, पुन्हा काही समोर आले नाहीत.” सबंध कॅसेटमध्ये राहिला होता वरणाची बादली धरलेला एक हात. तोही त्यांचा की आचाऱ्याचा, मोरू सांगू शकला नाही.

वहिनींना मी काय सांगितलं? सांगितलं की मोरूचं मशीन बिघडलंय, पार्ट मुंबईहून यायचाय. दोन दिवसांनी सांगितलं, पार्ट आला पण चुकीचा आला. रोज सकाळी त्या दारात उभ्या असायच्या आणि मी सायकल हातात धरून मागच्या बोळातून निघायचो. बोर्डावर खोटं लिहायला मला काही वाटत नाही. तोंडावर बोलायला फार जड जातं.

त्या पहिल्या चित्राकडे बघायचीही माझी हिंमत नव्हती. मोरूला म्हटलं, ते वापरायचं नाही, आपण नव्याने घेऊ. बर्डीवरून नवी कॅसेट आणली, तिचं सील मोरूच्या समोर मी फोडलं. त्याच सूर्याचं पुन्हा शूटिंग. या वेळी तिसऱ्या झटक्यात नाव सरळ थांबलं. त्याच रविवारी संध्याकाळी सात वाजता किरण व्हिडिओची निशाणी तारेवरून गेली. मी आणि मोरू दुकानातल्या टीव्हीवर बघत होतो. सूर्य फिरला, थांबला, टण्ण! बस. स्वच्छ चित्र. चाळीस जण पळत आले नाहीत, म्हणजे निशाणीने काम केलं.

सोमवारी पानठेल्यावर उभा होतो. ठेलेवाला चुना लावता लावता म्हणाला, “पेंटर, निशाणी लय जोरदार केली. त्या माणसाची आयडिया तं एकच नंबर.”

मला वाटलं अंगठा दिसला असेल. “कोणता माणूस?”

“घ्या! स्वतःच टाकते आन् मलेच विचारते. चाकाच्या मागून पाहते ना तो.”

मी हसलो. खरं सांगतो, मला काही कळलं नव्हतं, पण तारीफ होती म्हणून मी मान डोलावली. एवढंच नाही, “डिझाइनमध्ये ते लागतं,” असंही म्हणालो. मग तो म्हणाला, “पण गजभिये भाऊचं सोंग कोणाले देलं? सेम टू सेम दिसून राहिला.”

पान तोंडातच राहिलं.

सरळ मोरूकडे गेलो. कॅसेट दहा वेळा लावली, एकेक चित्र थांबवून पाहिलं. सूर्य आणि काळं कापड. तिसरं काहीही नाही. मोरू म्हणाला, “तारेत कधी कधी दुहेरी चित्र येते बे. वाईट जोड असला की.” पण दुहेरी येतं ते त्याच चित्राचं. सूर्याच्या शेजारी दुसरा पुसट सूर्य दिसेल. माणूस कुठून दिसेल?

संध्याकाळी वहिनींचा निरोप आला. सात वाजायच्या आत या.

गेलो. मागचा बोळ होता, पण या वेळी समोरूनच गेलो. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, ‘वहिनी, माझ्याकडून एक चूक झाली.’ वहिनींनी चहा दिला. शटरवाला ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही होता, त्याचं शटर उघडलं.

“वहिनी, माझ्याकडून...”

“बसा. सात वाजू द्या.”

सात वाजले. माझा सूर्य आला, त्यांच्या टीव्हीवर राखाडी. फिरला, हळू झाला, थांबला. आणि ‘किरण’ सरळ उभं राहिलं त्याच क्षणी, चाकाच्या उजव्या कडेमागून, काळ्या जागेत, एक माणूस दिसला.

घाबरवणारा वगैरे काही नव्हता. साधा माणूस, पंचावन्नच्या आसपास, डोकं उघडं. अर्धा चाकाआड. मोरूचा लग्नातला लाइट डोळ्यांवर आल्यावर माणूस करतो तसा त्याने हात कपाळावर आडवा धरला होता, आणि मनगटाला पांढरा रुमाल बांधलेला होता. ओठ हलत होते. टण्ण! आणि पिक्चर सुरू.

दोन सेकंद असेल. मी तुम्हाला आता जी गोष्ट सांगतो ती मला तेव्हाही सगळ्यात जास्त खटकली होती आणि अजून खटकते. त्या चाकाच्या मागे जागाच नव्हती हो. मी स्वतः ते फरशीवर ठेवून वरून शूटिंग केलं होतं. चाकाच्या मागे म्हणजे प्लेअर, काळं कापड आणि फरशी. तिथे उभं राहायला माणसाला जमिनीत जावं लागेल.

“हे कसं केलं तुम्ही?” वहिनींनी विचारलं.

“मी नाही केलं, वहिनी.”

“मंग?”

आणि मग मी सगळं ओकलो. मोठ्या चाकावरून मोरूशी घातलेला वाद, लेबल, कमळ, चहा, पाऊण तास, मुंग्या, मुंबईहून येणारा पार्ट. मी त्या मोडलेल्या तुकड्यापाशी आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या,

“तो त्याहिनं मोडला होता. नखानं. मोरू म्हणे, हे मोडा, मंग कोणाच्या बापाले पुसता येत नाही.”

मी खाली बघत होतो.

“तुमाले दिसलं नाही काय, मोडलेलं?”

“दिसलं.”

“तरी चिकटपट्टी लावली.”

“हाव.”

टीव्हीवर कोणीतरी गाणं म्हणत होतं. मला वाटलं आता त्या मला बाहेर काढतील, आणि खरं सांगू, मला तेच हवं होतं, निदान उठता तरी आलं असतं. वहिनींनी विचारलं, “मध्यंतराले हे पुन्हा येते काय?”

“येते. मोरू कॅसेट बदलतो तेव्हा.”

“मंग बसा. तुमाले दिसते का मलेच, ते पाहू.”

मध्यंतराला पुन्हा आला. तसाच. हात कपाळावर, रुमाल, ओठ. या वेळी वहिनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या होत्या.

“काय म्हणत आहेत?” मी विचारलं.

“‘जेवल्याशिवाय जाऊ नका’ म्हणून राहिले,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी सगळ्याइले तेच सांगत होते.”

“आणि रुमाल?”

“सकाळी चुलीवरच्या भाताच्या गंजानं हात भाजला होता. मीच बांधून देला.”

ते लग्न मी पाहिलं नव्हतं. ती पाऊण तासाची सुरुवातही मी कधी पाहिली नाही, मी फक्त ती पुसली. त्या रुमालाबद्दल मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. माझ्याकडून या प्रकरणात पुरावा म्हणून एवढंच आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही हरतऱ्हेने तपासलं. आमच्या गल्लीतल्या नऊ घरांत तो दिसायचा, कारण नऊ घरांना एकाच तारेचा फाटा होता. दुसऱ्या गल्लीत दिसायचा नाही. मोरूच्या दुकानात कधीच नाही. ती कॅसेट मी बर्डीवर एका ओळखीच्याकडे नेऊन लावली, फक्त सूर्य. मोरूने टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला आणलं. त्याने आमच्या गल्लीतला प्रत्येक जोड उघडून पाहिला, वहिनींकडे बसून सात वाजता स्वतः ते पाहिलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. पुन्हा बोलावल्यावर आला नाही.

गल्लीने मात्र ते अगदी सहज घेतलं. पहिले दोन दिवस कुजबुज झाली, मग पोरंसोरं सात वाजता “गजभिये बाबा आले” म्हणून हात कपाळावर धरायला लागली. भीती कोणालाच वाटली नाही. जेवून जा म्हणणाऱ्या माणसाची भीती कशी वाटणार?

स्मृतिदिन आला. चंद्रपूरहून सुनंदा आली, भंडाऱ्याहून दीर आले. वहिनींनी कोणालाही कॅसेटचं काही सांगितलं नव्हतं. फक्त मला म्हणाल्या होत्या, “त्या दिवशी मोरूले सांगा, पिक्चर राहू द्या. हेच लावा.” संध्याकाळी वंदना झाली, खीर झाली. खोलीत वीसेक माणसं, दारात अजून दहा. वहिनींनी शटर उघडलं. मी कोपऱ्यात उभा होतो. आज आला नाही तर? कॅसेट मी पुसली, हे आहे ते एवढंच आहे, आणि सुनंदा बापाला बघायला चंद्रपूरहून आली आहे.

सात वाजले. सूर्य फिरला, थांबला. आला.

सुनंदाने आईचा हात घट्ट धरला. दीर एकदम उभे राहिले, मोठा भाऊ घरात आल्यावर उभं राहावं तसे. मोरू तिकडे दुकानात बसून कॅसेट मागे घेत होता, पुन्हा लावत होता. अकरा वेळा लावली. अकराही वेळा आला. दहाव्या वेळी सुनंदा हळूच पडद्याला म्हणाली, “जेवलो बाबा. सगळे जेवलो.” मग अकराव्या वेळेनंतर वहिनींनी स्वतःच शटर लावलं आणि मला ताट वाढलं. नको म्हणायची सोय नव्हती.

तुम्हाला वाटेल त्या दिवसानंतर तो दिसेनासा झाला असेल. गोष्टीत तसं होतं. इथे तसं काही झालं नाही. रोज सातला आणि मध्यंतराला दिसत होता, चार महिने, दिवाळीपर्यंत. दिवाळीत मोरूने चांगली जाड तार आणली आणि आमच्या गल्लीचा फाटा बदलला. त्या संध्याकाळी सूर्य एकदम चकचकीत आला. मागे काळं कापड. माणूस नाही.

मी रात्रीचं जेवण न जेवता मोरूकडे धावलो. जुनी तार परत टाकायला लावली. नाही दिसला. जुने जोड, जुना क्रम, नऊ घरं त्याच ओळीत... नाही. मोरूने पुढे दोन-तीन वर्षांनी धंदाच विकला, ती कॅसेट कुठे गेली त्याला माहीत नाही. चाक माझ्याकडे बरीच वर्षं होतं, मग वाळवीने खाल्लं.

या सगळ्याचा अर्थ मी अनेकांना विचारला. एका इंजिनियरने सांगितलं की चुंबकीय फितीवर जुनं चित्र पुसलं तरी थोडं राहतं. बरोबर आहे, पण ती फीत दुसरी होती, सील मी फोडलं होतं. एकाने सांगितलं, सगळ्यांना भास झाला. नऊ घरांना, रोज, सात वाजता, रुमालासकट? मी फक्त चूक केली होती. त्या चुकीतून ते कसं काय निघालं, ते मला आजही सांगता येत नाही.

तार बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. दुसऱ्यांदा तोच गुन्हा केल्यासारखं वाटत होतं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

“वहिनी, तारेचं सगळं करून पाहिलं. आता काही ते दिसणार नाहीत.”

“माहीत आहे.”

“मला फार वाईट वाटतं...”

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि माझ्याकडे वर न बघताच म्हणाल्या,

“दिसत होते तवा तरी कुठी पुरते दिसले? तुमचं ते येवढं मोठं चाक, अर्धा माणूस त्याच्याच मागं. तो मोरू तुमाले म्हणत होता ना, लहान काढा म्हणून? मंग कोणाचं ऐकाले काय होते तुमाले?”